एका दिवसात भरलेला खड्डा

डिसेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमारास मी त्या गोठ्यावर पोचलो, तेव्हा मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्याच्या तोंडातून वाफ निघत होती. बाहेर सोळा अंशांची थंडी. दोन गडी कुदळीने मुरघास खाली ओढत होते आणि मध्येच हात शेकून घेत होते. थोरल्या भावाने कौतुकाने सांगितलं, "डॉक्टर, बघा कसा गरम राहतो. गाईंना थंडीत बरा वाटत असणार." धाकटा काही बोलला नाही. फोन त्यानेच केला होता.

गोठा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. नाव-गाव देत नाही आणि आकडे सोयीसाठी गोलाकार केले आहेत. लहान-मोठी मिळून १८० जनावरं, त्यातल्या ११० संकरित होल्स्टीन गाई दुधात. आपल्याकडे हा मोठाच गोठा म्हणायचा. दुभत्या गाईला दिवसाला २० किलो मुरघास, भाकड आणि कालवडींना ९ ते १० किलो, म्हणजे रोजचा खर्च २,९०० किलोच्या आसपास. वर्षाचा हिशोब हजार टनांवर जातो. खरिपाच्या मक्याने एक खड्डा, रब्बीच्या मक्याने दुसरा, आणि मधल्या काळात ऊसतोड सुरू असली की थोडे वाढे (उसाचे शेंडे), अशी त्यांची घडी बसलेली होती.

तक्रार अशी होती की गाई गव्हाणीत चारा उष्टा टाकतात, शेण पातळ झालंय आणि दूध गाईमागे सरासरी सव्वापंधरा लिटरवरून साडेतेरावर आलंय. खाद्य कंपनीच्या माणसाने बुरशीच्या विषावर टॉक्सिन बाइंडर सुचवला होता. पंधरा दिवस तो घालून झाला होता. फरक नव्हता. दिवसही वाईट होते. गाईच्या दुधाचे दर इतके उतरले होते की पुढच्याच महिन्यात राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. अशा वेळी गाईमागे पावणेदोन लिटर कमी होणं म्हणजे काय, हे गोठेवाल्याला सांगायला नको.

मी आधी शेणाकडे गेलो. चाळणीत शेण घेऊन पाइपच्या पाण्याने धुतलं, तर मूठभर मक्याचे अख्खे दाणे उरले. गाईच्या पोटातून दाणा अख्खा बाहेर पडला तर त्यातला स्टार्च तिच्या काही कामाचा नाही. म्हणजे मका विकत घेऊन शेणखतात घालण्याचा प्रकार चालला होता. मग एक लिटरचा मग मुरघासाने भरून दाणे वेचले. अख्खे आणि अर्धे मिळून दोन-तीन निघाले तर चालतं. इथे अकरा निघाले.

मग खड्ड्याचं तोंड. लांब दांड्याचा थर्मामीटर मध्यावर वीतभर आत खुपसला तर २९ अंश, भिंतीलगतच्या वरच्या खांद्यांपाशी ४४. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) मध्यावर खाली ४.०, खांद्यावर ५.६. चांगल्या मक्याच्या मुरघासाचा सामू ३.८ ते ४.२ असतो. साडेपाचच्या पुढे गेलेला माल मुरघास उरलेला नसतो, तो उकिरड्याच्या वाटेला लागलेला असतो. वरचा दीड-दोन फुटांचा थर तपकिरी झाला होता, त्याला काकवीसारखा गोडसर वास होता आणि मधूनमधून निळसर-पांढऱ्या बुरशीचे गोळे होते. हा गोड वास फसवा असतो. बुरशी नसेल तर गाई असा मुरघास आवडीने खातात म्हणून मालकही खूश असतो. पण ती भाजल्याची खूण आहे. उष्णतेने साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात, आणि असं प्रथिन गाईला पचत नाही.

कोरडा अंश तपासला. मुरघासातलं सगळं पाणी काढलं की जे उरतं ते खरं खाद्य. मक्याचा मुरघास ३२ ते ३५ टक्क्यांवर बसावा. हा ४१ होता.

आता काय झालं ते मागे जाऊन बघायचं होतं. धाकट्याची एक चांगली सवय म्हणजे तो काटापावत्या फेकत नाही.

२०२३ चा जून कोरडा गेला, त्यामुळे पेरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. २० एकर, त्यातले १२ घरचे आणि ८ शेजाऱ्यांकडून गुंठ्यावर ठरवलेले. ऑगस्टमध्ये पावसाने मोठा खंड दिला. विहीर आणि ठिबकवर मका तगला, लष्करी अळीच्या दोन फवारण्या झाल्या. ही अळी २०१८ साली देशात आली आणि तेव्हापासून मक्याच्या खर्चात तिचा एक रकाना कायमचा पडला आहे. ५ ऑक्टोबरच्या आसपास दाण्यातली दुधाची रेषा निम्म्यावर आली. कणीस मधोमध मोडून दाण्याकडे पाहिलं की वरचा पिठूळ भाग आणि खालचा दुधाळ भाग यांच्यामधली ही रेषा दिसते. ती निम्म्यावर आली की कापणीचे दिवस आले असं धरायला हरकत नाही. मशीन मात्र १४ तारखेला आलं. ठेकेदाराचं दुसरीकडे काम अडकलं होतं, मग मशीन बिघडलं, मग पंक्चर. ऑक्टोबरच्या उन्हात उभ्या मक्याचा कोरडा अंश रोज पाऊण-एक टक्क्याने वाढतो. नऊ दिवसांत ३४ चा ४१ झाला.

थोरल्याचं म्हणणं, "पण पानं तर हिरवीगार होती." बरोबर आहे, होती. हल्लीची बरीच संकरित वाणं अशीच असतात, दाणा वाळला तरी पानं हिरवी राहतात. पूर्वी बांधावरून शेत पाहून मका कापायला आला की नाही सांगणारी माणसं होती. त्यांचा अंदाज या वाणांनी मोडून काढला.

मशीन आलं ते मात्र दणदणीत. स्वतःच्या इंजिनावर चालणारा हार्वेस्टर, दाणे फोडणाऱ्या रोलरसकट. सात ट्रॉल्या लावल्या होत्या. सकाळी आठला सुरू झालं आणि संध्याकाळी सातच्या आत २० एकर मोकळं. काट्यावर साडेतीनशे टन. गावात अजून त्या दिवसाची आठवण निघते. दोन्ही भावांनी मला वेगवेगळं, पण त्याच शब्दांत सांगितलं, "एका दिवसात खड्डा भरला."

बिघडलं ते इथेच.

साडेतीनशे टन दहा तासांत, म्हणजे ताशी ३५ टन. खड्ड्यावर माल दाबायला घरचे दोन ट्रॅक्टर होते, पन्नास अश्वशक्तीचे, वजन प्रत्येकी सव्वादोन टनांच्या आत. शिवाय एक जेसीबी, पण ती ट्रॉलीने ओतलेला ढीग ढकलण्यातच गुंतलेली. अमेरिकेतल्या डेअरी विस्तारसेवेत आठशे पौंडांचा एक नियम चालतो. आपल्या हिशोबात तो असा बसतो की ताशी जितके टन माल खड्ड्यात पडतो, त्याच्या ४० टक्के वजन सतत त्या मालावर फिरत राहिलं पाहिजे. ३५ टनांना १४ टन वजन लागतं. इथे साडेचार टन सुद्धा नव्हतं. उलटीकडून मांडलं तर दोन ट्रॅक्टर मिळून ताशी ११ टन माल नीट दाबू शकत होते, आणि त्यांच्यापुढे तिप्पट माल येऊन पडत होता.

मग जे होतं तेच झालं. वीतभर जाडीचा थर पसरून तुडवायचा, तिथे जेसीबीने दोन-दोन फुटांचे थर सारले. ट्रॅक्टरच्या चाकाचा दाब वरच्या सहा-आठ इंचांपर्यंतच काम करतो, त्याखालचा माल तसाच भुसभुशीत राहतो. मशीन गेल्यावर रात्री अकरापर्यंत दोन्ही ट्रॅक्टर फिरवले, असं धाकट्याने सांगितलं. मेहनत खरी, पण ती वरच्या सहा इंचांवर गेली. शिवाय कोरडा माल स्प्रिंगसारखा असतो, चाक पुढे गेलं की मागे परत वर येतो.

खड्डा १०० फूट लांब, २५ फूट रुंद, भिंती ८ फुटांच्या. काठोकाठ ५६५ घनमीटर. नीट दाबला तर एका घनमीटरमध्ये ७०० किलो बसतात, म्हणजे भिंतीच्या आतच चारशे टनांना जवळजवळ पाच टन कमी. इथे साडेतीनशे टनही मावले नाहीत, मधोमध भिंतीच्या वर चार फुटांचा डोंगर झाला. तो डोंगर धरून हिशोब केला तर घनता ४७५ किलो येते. मी जाड पाइपने चार ठिकाणी नमुने काढून वजन केलं, तर तळाशी मध्यावर ५६० आणि खांद्यापाशी ३५० भरले. भिंतीच्या वर आलेला तो डोंगर त्या संध्याकाळी सगळ्यांना भरपूर मालाची खूण वाटला. खरं तर ती आत अडकलेल्या हवेची उंची होती.

हवा अडकली की काय होतं ते थोडक्यात सांगतो. कापलेला मका काही तास श्वास घेतच असतो. आतला प्राणवायू संपेपर्यंत तो स्वतःची साखर जाळतो आणि तापतो. प्राणवायू संपला की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू ताबा घेतात आणि काही दिवसांत सामू चारवर आणतात. हवा जास्त असेल तर या जिवाणूंना मिळायची साखर आधीच जळून जाते. त्याहून वाईट म्हणजे यीस्ट टिकून राहतं. खड्डा उघडला, हवा आत शिरली की हे यीस्ट लॅक्टिक आम्लच खायला लागतं, सामू चढतो, माल तापतो आणि मागोमाग बुरशी येते. भुसभुशीत मालात ही हवा हातभर-दोन हात आत जाते. म्हणजे आज उघडा पडलेला भाग दोन-चार दिवस आधीपासूनच सडायला लागलेला असतो. त्या सकाळची वाफ ती हीच.

मुरघासाला चाऱ्याचं लोणचं म्हणतात. लोकांना समजवायला ते सोपं आहे, पण त्यामुळे एक गैरसमज रुजलाय की त्यात मीठ-गूळ घातलं की काम झालं. या गोठ्यानेही टनामागे दोन किलो गूळ आणि किलोभर मीठ शिंपडलं होतं. मक्याला गुळाची गरज नसते, त्याची स्वतःची साखर पुरेशी असते. ज्वारी-बाजरीच्या कोवळ्या चाऱ्याची किंवा नेपियर गवताची गोष्ट वेगळी. तो गुळाचा पैसा तिसऱ्या ट्रॅक्टरच्या भाड्यात घातला असता तर बरं झालं असतं.

बाकीच्या चुका लहान, पण एकाच दिशेच्या. खड्डा झाकायचा प्लास्टिकचा कागद लगेच नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी टाकला, कारण गडी दमले होते. कागद मागच्या वर्षीचा, काळा, दोन-तीन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेला. भिंतीच्या आतून कागद लावलेला नव्हता, त्यामुळे काँक्रीटच्या कडेने हवा आणि पाणी थेट खांद्यात उतरत राहिलं. वजन म्हणून कडेने वाळूच्या गोण्या होत्या, मध्ये काही नाही. वाऱ्याने कागद फडफडला की खालची हवा भात्यासारखी आत-बाहेर होते. आणि दाणे अख्खे का राहिले, तर ठेकेदाराने रोलरमधली फट मोकळी सोडली होती. फट आवळली की मशीन हळू चालतं आणि डिझेल जास्त पितं, आणि त्याचा सौदा एकरावर होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. एकरावर पैसे देऊन सावकाश कामाची अपेक्षा करणं हा आपलाच भोळेपणा.

काढण्याची पद्धतही पाहिली. जेसीबीच्या बकेटने खालून उचकटत होते, त्यामुळे तोंडाला भेगा पडून हवा आणखी आत जात होती. वरचा भाग छतासारखा पुढे आला होता आणि गडी त्याच्या खाली उभे. त्या दिवशी मी आवाज चढवून बोललो तो एवढ्या एकाच गोष्टीवर. अडीच-तीन टनांचा लोंढा न सांगता सुटतो, आणि खाली सापडलेला माणूस सहसा वाचत नाही. खड्ड्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरापलीकडे उभं राहायचं, आणि कुदळीने खालून पोखरायचं तर कधीच नाही.

हातातल्या खड्ड्याचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. तो नव्याने दाबता येत नाही. तपकिरी, बुरशीचा थर रोज आधी बाजूला काढून शेणखतात टाकायचं ठरलं. थोरल्याने विचारलं, "भाकड गाईंना घालू का? दूध तर देत नाहीत त्या." हे मला दर गोठ्यावर ऐकू येतं. भाकड गाय गाभण असते, आणि बुरशीचा चारा सगळ्यात महाग तिलाच पडतो, गाभडण्याच्या रूपाने. दुसरा उपाय म्हणजे पुढे जाण्याचा वेग वाढवणं. रोज दहा इंच आत जात होते, ते फूटभर करायला हवं होतं. त्यासाठी दुभत्या गाईंचा मुरघास थोडा वाढवला आणि कालवडींचं नेपियर काही दिवस बंद करून त्यांनाही हाच माल दिला. रोजचा खप साडेतीन टनांवर गेला. कागद दहा फूट मागे सारून ठेवायचे, ते रोजच्यापुरताच सारायला सांगितलं. दाण्यांसाठी काही करता येण्यासारखं नव्हतं, खुराकातला मक्याचा भरडा थोडा वाढवला.

तीन आठवड्यांत दूध सव्वाचौदावर आलं. सगळं श्रेय मुरघासाला देत नाही, कारण त्याच सुमारास सरकी पेंडीची एक खराब गाडीही बदलली होती. आधीच्या घसरणीतही त्या पेंडीचा वाटा असणार. किती, ते वेगळं करून सांगता येत नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खड्डा संपला. खाद्य मिसळायच्या वॅगनला काटा होता म्हणून हिशोब लागला. आत गेले ३५० टन, गाईंपुढे पडले २६५, फेकले ३०. उरलेले ५५ टन कुणी पाहिले नाहीत, ते उष्णता आणि वायू होऊन उडून गेले. फेकलेलं आणि उडालेलं मिळून जवळजवळ चौथा भाग गेला. कापणी-वाहतुकीसह किलोला साडेतीन रुपये धरले तर ८५ टनांचे तीन लाख होतात. पुढे रब्बीचा मका हाती येईपर्यंत बाहेरून मुरघासाच्या गाठी घ्याव्या लागल्या, त्या किलोला सहाच्या वर.

मार्चमध्ये आम्ही तिघं ओसरीवर बसलो. थोरल्याचा पहिला प्रस्ताव होता आणखी मोठं मशीन, म्हणजे उशीर होणार नाही. धाकट्याचा प्रस्ताव टप्प्याटप्प्याने पेरणीचा. दोन्हींना मी नाही म्हणालो. टप्प्याची पेरणी मुरघास बॅगांत भरणाऱ्या लहान गोठ्याला छान, पण एका खड्ड्याला मका एकाच वेळी हवा. अर्धा भरून दहा दिवस थांबता येत नाही. आणि मशीन मोठं करून काय होणार? अडथळा शेतात नव्हता, खड्ड्यावर होता. ट्रॅक्टर किती वजन फिरवतात ते आधी मोजा आणि मशीनने त्या वेगाने चालायचं, एवढंच माझं म्हणणं होतं. थोरल्याला हे पटायला वेळ लागला. ताशी पस्तीस टन टाकू शकणाऱ्या यंत्राला भाडं देऊन अठरावर चालवायचं, हे कुठल्याही शेतकऱ्याच्या जिवावर येतं.

२०२४ चा पाऊस वेळेवर आला. २२ एकर जूनच्या चौथ्या आठवड्यात तीन दिवसांत पेरलं. मशीनची उचल पेरणीच्याच आठवड्यात दिली आणि सौदा तासावर केला. रोलरची फट किती ठेवायची ते आधी बोलून घेतलं. दर दोन तासांनी मगभर माल घेऊन दाणे मोजायचे, तीनच्या वर निघाले तर मशीन थांबवायचं. ठेकेदार हसला, पण तासाचे पैसे मिळणार म्हटल्यावर त्याचीही हरकत नव्हती.

सप्टेंबरच्या मध्यापासून धाकटा दर तीन दिवसांनी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून सात-आठ ताटं आणायचा, कुट्टी मशीनमधून काढायचा, नीट कालवून १०० ग्रॅम कुट्टी घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा, सोबत कपभर पाणी, म्हणजे कुट्टी करपत नाही. आधी तीन-चार मिनिटं, मग मिनिट-मिनिट, दरवेळी वजन. वजन घटायचं थांबलं की जितके ग्रॅम उरले तितके टक्के कोरडा अंश. पहिल्यांदा २९, मग ३१. ३३ आल्या दिवशी त्याने ठेकेदाराला फोन लावला.

दाबायला या वेळी तीन ट्रॅक्टर. दोन घरचे, एक भाड्याचा. मागच्या चाकांत पाणी भरलं, लोखंडी वजनं चढवली. तिन्ही मिळून आठ टन, म्हणजे ताशी वीस टनांपर्यंत झेपेल. ट्रॉल्या सातच्या चार केल्या. मशीनचा वेग कमी करायचा हा सगळ्यात भांडणविरहित मार्ग आहे. चालकाला हळू चालव म्हणून सांगितलं तर तो तोंडदेखलं हो म्हणतो. ट्रॉलीच नसली तर थांबतोच. जेसीबीवाल्याला सहा इंचांची खूण केलेली काठी दिली. माल सपाट न पसरता मागच्या भिंतीपासून उतार धरून पुढे आणला, त्यामुळे कुठलाही भाग फार वेळ उघडा राहिला नाही. भिंतींना आतून कागद लावला, तो नंतर वर दुमडून घ्यायचा होता. गुळाऐवजी बुकनेरी जातीच्या जिवाणूंचं कल्चर मशीनवरच फवारलं. हे जिवाणू लॅक्टिक आम्लाचं काही अंशी ॲसेटिक आम्ल करतात आणि ते यीस्टला सहन होत नाही. टाकीतलं पाणी उन्हात तापून जिवाणू मरू नयेत म्हणून त्यात बर्फाच्या लाद्या टाकल्या. डेअरीवर बर्फाला काय तोटा.

भरायला अडीच दिवस लागले, आणि दुसऱ्या रात्री पाऊस आला. आकाश बघून संध्याकाळी पाचलाच काम थांबवलं, तोवरचा उतार दाबून त्यावर कागद ओढला. सकाळी वरचा भिजलेला थर काढून टाकायला हवा होता, तो घाईत तसाच राहिला. पुढे जानेवारीत खड्ड्याच्या मध्यावर चार इंचांची एक काळपट रेघ तिरकी गेलेली दिसायची, ती त्या रात्रीची.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा थर दाबून झाला आणि तासाभरात कागद पडला. नवा, बाहेरून पांढरा आतून काळा. टायर हवे होते पाचशेच्या आसपास, एकमेकांना टेकून पसरायला. नगर-मनमाड रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यांकडून दोनशेच जमले. उरलेल्या जागेत मुरमाच्या गोण्या. टायरना भोकं पाडून घेतली, नाहीतर त्यात पाणी साचून डासांची पैदास होते आणि आशाताई नोटीस घेऊन दारात उभ्या. पहिले तीन आठवडे पोरांना खड्ड्याकडे फिरकू द्यायचं नाही असं बजावलं. त्या दिवसांत नायट्रोजन डायऑक्साइड हा पिवळसर-तपकिरी विषारी वायू निघू शकतो, तो जड असतो आणि जमिनीलगत साचतो. उंदरांसाठी सापळे लावले. मोर कागदावर चोच मारतात, त्यांना काय करणार. दर सोमवारी भोकं शोधून चिकटपट्टी लावायचं काम एका गड्याकडे दिलं.

काट्यावर ४३० टन भरले. थोरल्याला वाटलं मका जास्त पिकला. मी हिशोब मांडून दाखवला. आदल्या वर्षी ३५० टनांत ४१ टक्के, म्हणजे १४३ टन कोरडा माल. या वर्षी ४३० टनांत ३४ टक्के, म्हणजे १४६. खाद्य जवळजवळ तेवढंच, जास्तीचं सगळं पाणी. फरक पडला तो पुढे. घनता ६६० किलो निघाली, सातशेला पोचली नाहीच. डोंगर दोन फुटांवर आला. डिसेंबरच्या सुरुवातीला खड्डा उघडला, तोंडाचं तापमान खांद्यापाशीही ३१ च्या वर गेलं नाही. गाईंपुढे ३७५ टन पडले, फेकले ८, उडाले ४७. तूट १३ टक्क्यांच्या आत आली. ज्या खड्ड्याने मागे जेमतेम अडीच-पावणेतीन महिने काढले, तो सव्वाचार महिने पुरला.

मशीनचं भाडं मात्र जवळपास दीडपट झालं, तिसरा ट्रॅक्टर आणि नवा कागद वेगळा. वाचलेल्या मालातून ते निघून वर उरलं. तरी थोरला अजून म्हणतो की तीन दिवस घरातलं कुणी झोपलं नाही, त्याची किंमत कुणी लावली नाही. त्याचं हे म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

मार्च-एप्रिलच्या उन्हात मात्र तोंड परत थोडं तापायला लागलं. खड्डा २५ फूट रुंद असल्यामुळे रोजच्या खपाला नऊ-दहा इंचच आत जाता येतं. थंडीत चालून जातं, चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात फूटभर तरी जायला हवं. म्हणून रब्बीच्या मक्यासाठी जो नवा खड्डा बांधला तो १८ फुटांचा. गवंड्याने विचारलं, जागा असताना लहान का करता.

एक गोष्ट मिटायची आहे. शेजाऱ्यांचा मका आता गुंठ्यावर न घेता काट्यावर घेतात, पण काट्यावर घेतला की ओला मका देणाऱ्याचा फायदा आणि थांबून बरोबर वेळी कापू देणाऱ्याचा तोटा. धाकट्याने सुचवलं की ३४ टक्के धरून दर ठरवावा, आणि दर पाचव्या ट्रॉलीचा नमुना सुकवून त्या प्रमाणात पैसे कमी-जास्त करावेत. दोन शेजारी तयार झाले. तिसरा म्हणाला, वजन माझ्यासमोर होतं, पाणी तुझ्या घरात मोजणार, हे कसं चालेल? मुद्दा बरोबर होता. शिवाय वहिनींनी त्या मायक्रोवेव्हमध्ये चहासुद्धा गरम करायला नकार दिला होता. आता तो खड्ड्याशेजारच्या खोलीत, काट्याला लागून ठेवलाय आणि खोलीला दार लावलेलं नाही.